नळाच्या दिवशीचा टेक

माझ्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेलं सगळ्यात लांब गाणं चोवीस मिनिटांचं आहे. त्यात शब्दांच्या ओळी नऊ. उरलेल्या वेळात पाच जाणती माणसं आपापली वाद्यं घेऊन काहीतरी शोधत होती. काय शोधत होती ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही आणि मला विचारायची सोय नव्हती, कारण तासाचे पैसे ते देत होते.

या अंकाच्या संपादकांनी मला 'ध्वनीच्या दुनियेतील माझी वाटचाल' असं काहीतरी लिहायला सांगितलंय. वाटचाल कसली? गुलमंडीत कापडाच्या दुकानावर दुसरा मजला, भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे ट्रे, एक काच, एक कॉम्प्युटर. या खोलीत मी अठ्ठावीस वर्षं बसलो. चाललो कुठंच नाही. गंगापूर तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला मी. आमच्याकडं कान तयार असावाच लागतो. अंधारात कुठलं कोकरू ओरडतंय हे ओळखता आलं नाही तर सकाळी ते नसतं. तो कान मी शहरात आणून विकला, एवढीच काय ती वाटचाल.

धंदा सोपा आहे. माणूस काचेपलीकडं उभा राहून गातो किंवा बोलतो, मी अलीकडं ते टिपतो. एकदा म्हटलं की तो एक टेक. चुकलं की दुसरा. मग सगळ्यांतले बरे तुकडे निवडून जोडायचे, मधली खाकर-खोकर काढायची, सूर पडला असेल तर मशीनवर उचलून जागेवर ठेवायचा. गिऱ्हाईक ते ऐकतं आणि स्वतःच्याच गळ्यावर खूश होऊन जातं. या शहरातल्या निम्म्या भजनी मंडळांचा सूर माझ्या माऊसमध्ये आहे, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षांत मात्र भजनांपेक्षा प्लॉटच्या जाहिराती जास्त आल्या. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. ज्या माळावर माझा बाप मेंढरं बसवायचा, तिथं 'सिटी'नं संपणाऱ्या नावाच्या कमानी लागल्या. एक बिल्डर रिक्षावर लावायची जाहिरात करून घ्यायला आला. 'चोवीस तास मुबलक पाणी' हे वाक्य त्यानं स्वतःच्या आवाजात सात वेळा म्हटलं, आणि सातव्या टेकनंतर मला विचारलं, "प्यायला पाणी आहे का हो?" नव्हतं. त्या दिवशी आमच्या गल्लीत नळ येऊन पाच दिवस झाले होते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. समोरच्या हॉटेलातून मागवून दिलं.

दुसरं एक गिऱ्हाईक सांगतो, कारण पुढच्या भानगडीचं मूळ त्याच्यात आहे. पालिकेच्या निवडणुकीला उभा राहिलेला एक उमेदवार 'माझ्या मायबाप मतदारांनो' म्हणायला आला. जीभ अडखळायची आणि अडखळली की तो त्याच मायबापांना शिव्या घालायचा. त्या शिव्या मशीनमध्ये राहिल्या, आणि कुठून कशा कोण जाणे, आठवड्यात क्रांती चौकातल्या पानटपरीवर वाजायला लागल्या. माणूस पडला. मला दोन दिवस दुकान बंद ठेवून गावाकडं जावं लागलं. त्यानंतर मी नियम केला. काम पास झालं की गिऱ्हाइकाला विचारायचं, "घर झाडू का?" हो म्हटलं की नापास टेक सगळे पुसायचे, त्याच्या डोळ्यांदेखत, कायमचे. विचारायचं कुणाला? ज्याच्या नावानं बुकिंग असेल त्याला. माझ्या मशीनमध्ये कचरा सापडणार नाही, असं मी छाती फुगवून सांगायचो. लोक त्यासाठीच माझ्याकडं यायचे.

तर आता ते चोवीस मिनिटांचं गाणं.

बँडचं नाव 'त्रेपन्नावा दरवाजा'. आमचं शहर बावन्न दरवाज्यांचं. त्यातले किती उभे आहेत ते मोजायला कुणाला वेळ नाही, पण या पाचजणांनी कॉलेजात असताना आणखी एक बांधायला घेतला आणि पस्तीस वर्षांत तो पुरा झाला नव्हता. ते प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचे. हा प्रकार मी विचारून घेतला. गिटारवाले विवेकसर एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मला कारखान्यातल्या मीटिंगसारखं समजावून सांगितलं, की साधं गाणं एका भावनेवर थांबतं, आमचं प्रवास करतं. तालही चार मात्रांचा नसतो, कधी सात, कधी अकरा, मध्येच नऊ. म्हणजे ऐकणाऱ्याचा पाय हलायला लागला की यांना कमीपणा वाटायचा.

की-बोर्डवर एक दातांचे डॉक्टर होते. ड्रमवाल्याचं बीड बायपासला टाइल्सचं दुकान. बेस वाजवणारे गृहस्थ एकोणीस दिवसांत माझ्याशी एकदाच बोलले, तेही 'बाथरूम कुठंय?' आणि गाणारा इक्बालभाई. पालिकेच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. साडेपाच फूट, काटकुळा, आणि गळा असा की मी अठ्ठावीस वर्षांत तसा दुसरा ऐकला नाही. हे मी कौतुकानं लिहीत नाही, हिशोबानं लिहितो. त्याचा सूर उचलून ठेवावा लागायचा नाही. पस्तीस वर्षं हा गळा या चौघांच्या प्रवासात हमालासारखा सामान वाहत होता.

एकोणीस दिवस कसे, तर इक्बालभाईच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ऑपरेशनला एकोणीस दिवसांनंतरचा शुक्रवार दिला आणि स्पष्ट सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव राहील, आवाज राहणार नाही. ज्यांनी 'पुढच्या वर्षी अल्बम करू' करत इतकी वर्षं काढली त्यांना एकदम जाग आली. जे काही गाऊन घ्यायचं ते त्या शुक्रवारच्या आत.

अल्बमचं नाव 'भेगा'. विषय दुष्काळ. विवेकसरांना मातीची भाषा सापडली होती, म्हणून या वेळी शब्द मराठी आणि शब्द त्यांचेच. 'अवर्षणाच्या अथांग गर्भात शून्याचे शिल्प' ही त्यातली सोपी ओळ. इक्बालभाईनं 'अथांग'वर तीनदा आपटी खाल्ली आणि काचेतून मला म्हणाला, "सोपानभाई, ये अथांग क्या चीज है? खाने की है क्या?" मी म्हणालो, मलाही कुणी वाढली नाही अजून. विवेकसरांना आमचा विनोद आवडला नाही.

दंतवैद्यांनी तर पाऊस आणला. परदेशी सीडीवरचा, चांगला धो-धो, मागं बेडूक. हा पाऊस तिसऱ्या गाण्यात साडेतीन मिनिटं पडणार होता. माझी आई तेव्हा माझ्याकडंच होती, कारण गावात पाणी नव्हतं आणि मेंढरं भाऊ गोदाकाठाला घेऊन गेला होता. ती डबा द्यायला वर आली आणि दारातच थांबली.

"काय रं, पाऊस यायलाय का?"

"नाय गं, वाजवायलेत."

तिनं थोडं ऐकलं. "बेडकं आपल्याकडली नायती," म्हणाली. "असं कुठं वरडतेत का आपली? लई सभ्य हायती ही." आणि डबा ठेवून गेली. मी हे दंतवैद्यांना सांगितलं. ते म्हणाले, सामान्य श्रोत्याला फरक कळणार नाही. आता बोला. दुष्काळावर अल्बम काढणाऱ्याला पाऊस विकत आणावा लागला होता आणि बेडूक ओळखणारी बाई सामान्यसुद्धा नव्हती.

आता नळाच्या दिवसाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या गल्लीत पाणी पाच-सहा दिवसांआड यायचं. आलं की एकाच वेळी सगळ्यांच्या मोटारी सुरू, हंडे-बादल्यांचा खणखणाट, आणि खालच्या शेवंताबाईंची आरोळी. गाद्या लावा नाहीतर भिंत दुप्पट करा, तो आवाज आत यायचाच. म्हणून नळाच्या दिवशी मी रेकॉर्डिंग ठेवत नसे. कॅलेंडरावर सणवार नसतील, नळाचे वार होते. पण शुक्रवार तोंडावर आला होता, त्या चोवीस मिनिटांच्या गाण्याचा शेवट राहिला होता आणि नळाचा दिवस मंगळवार होता. विवेकसर म्हणाले, पाणी सकाळीच येऊन जाईल, दुपारी घेऊ. पाण्यानं त्यांचं ऐकलं नाही. ते कारखान्यात कामाला नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला इक्बालभाई काचेपलीकडं उभा राहिला. गायच्या वेळी कानात एक टकटक लावतात, तिला क्लिक म्हणतात, म्हणजे गाणारा तालाबाहेर जात नाही. त्यानं हेडफोन काढून ठेवला. "आज ये टकटक नक्को," म्हणाला. विवेकसर माझ्या शेजारी बसले होते, ते उठायला लागले. मी म्हणालो, एक घेऊ द्या, नाही पटलं तर दुसरा आहेच.

शेवटच्या ओळी तरी विवेकसरांनी बऱ्या लिहिल्या होत्या, दमले असावेत. 'एक थेंब ठेव, माये, एक थेंब,' असं तीनदा. इक्बालभाईनं पहिला थेंब उचलला तो बरोबर. दुसऱ्यावर आवाज फाटला. घशातल्या त्या गाठीवर जाऊन आपटला आणि फाटला, मला इकडं स्पष्ट ऐकू आलं. नेमकी तेव्हाच खालून शेवंताबाईंची आरोळी आली, "आलं गं, आलं! भांडी घ्या!" मोटारी घुमल्या. कुणाचा तरी हंडा जिन्यावरून गडगडत गेला, बायका एकमेकींवर ओरडायला लागल्या. इक्बालभाई थांबला नाही. त्यानं डोळे मिटून तो सगळा गलका होऊ दिला, आणि मग तीच ओळ तिसऱ्यांदा म्हटली. गायली नाही, शेजारणीकडं मागावं तशी म्हटली.

माझ्या अंगावर काटा आला. हे खरं आहे आणि ते मी आज छापून देतो. पण हात सवयीचा गुलाम. मी बटण दाबून म्हणालो, "इक्बालभाई, बाहेरचा आवाज आला. परत घेऊ."

"रहने दो ना मियाँ," तो काचेतून म्हणाला. "बाहेर का कायका? अपनीच गल्ली का है. मेरेको येच होना."

विवेकसर म्हणाले, "नॉइज आहे. आणि सूर फाटलाय. लोक म्हणतील आजारी माणसाला गायला लावलं."

"तो लगायाच है ना," इक्बालभाई म्हणाला आणि हसला.

परत घेतला. गळा बसला होता. बुधवारी घेतला, तेव्हा नुसती हवा येत होती. मग जे करतात ते मी केलं. आधीच्या पंधरा दिवसांतल्या टेकमधून शब्द शब्द वेचले. 'थेंब' एका गाण्यातला, 'माये' दुसऱ्यातला, 'ठेव' तर त्यानं एकदा माझ्याशी मराठीत बोलताना 'चहा ठेव' म्हटलं होतं त्यातला. सुरात बसवले, कडा घासल्या. सांधा कुठंय ते देवालाही सापडलं नसतं. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम मी त्या दोन दिवसांत केलं आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. उंटावरचे शहाणे चौघं होते, पण उंट मी हाकत होतो.

गुरुवारी चौघांनी ऐकून पास केलं. दंतवैद्य म्हणाले, "पर्फेक्ट." इक्बालभाई नव्हता, त्याला दवाखान्यात दाखल करून घेतलं होतं. मी विवेकसरांना विचारलं, "घर झाडू का?"

"झाडा," ते म्हणाले. त्यांना कारखान्यातही पसारा चालत नसे.

झाडताना मंगळवारचा टेक यादीत दिसला. समोर मीच लिहून ठेवलं होतं, 'नळ, खराब.' मी एक क्षणही थांबलो नाही. थांबलो असतो तर निदान आज सांगायला काही असतं. ज्याचा गळा, त्याला विचारायला हवं होतं. तो दवाखान्यात होता, दवाखाना काही जगाच्या टोकाला नव्हता, सिटी बसनं वीस मिनिटं. पण बुकिंग विवेकसरांच्या नावानं होतं.

प्रकाशन सोहळा क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये झाला, तीन महिन्यांनी. पडद्यावर भेगाळलेल्या जमिनीचे फोटो. विवेकसर अर्धा-पाऊण तास अल्बममागची संकल्पना सांगत होते. खुर्च्याखुर्च्यांवर पाण्याच्या बाटल्या, कार्यक्रम संपला तेव्हा बहुतेक अर्ध्याच पिऊन सोडलेल्या. दुष्काळाचं इतकं गंभीर चिंतन झाल्यावर कुणाला आठवण राहते?

इक्बालभाई पहिल्या रांगेत होता. गळ्याला मफलर, मांडीवर नातवाची पाटी. शेवटचं गाणं लागलं. माझा तो घासूनपुसून बसवलेला शेवट आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो मागं वळून मला शोधत होता. मी दिसल्यावर त्यानं पाटीवर लिहिलं आणि वर धरली.

"ये कौन है?"

मी उगाच हात हलवला, जणू गर्दीत वाचता आलं नाही.

पुढच्या सोमवारी तो स्टुडिओत आला. जिना चढून दमला होता. पाटीवर लिहिलं, "नलवाला सुनाओ."

मी म्हणालो, "आहे, आहे. डिस्क दुरुस्तीला दिलीय." हे मी का म्हणालो ते विचारू नका. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज दुरुस्त केल्यावर माणसाला स्वतःचंही दुरुस्त करावंसं वाटतं. पुढच्या सोमवारी तो परत आला. डिस्क आली नव्हती. त्याच्या पुढच्या सोमवारी दुरुस्तीवाला गावाला गेला होता. इक्बालभाई मान हलवायचा, चहा प्यायचा, पाटी पुसून निघून जायचा. खाली शेवंताबाई त्याला पायरीवर बसवून पाणी द्यायच्या. त्यांच्या आरोळीमुळं तो टेक पुसला गेला हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्याला कशासाठी यावं लागतंय हेही.

चौथ्या सोमवारी आईच म्हणाली. डबा द्यायला आली की ती दारातून सगळं ऐकत होती. "सोपान्या, त्या माणसाला जिना चढवायलास व्हय रं दर हप्त्याला? तोंड नाय का तुला? त्याला नाय, तुला हाय ना?"

मी सांगितलं. समोर बसवून, डोळ्यांत बघून. पुसलं, मीच पुसलं, विचारलं नाही. त्यातलं काही उरलं नाही, कुठंच नाही. विवेकसरांचं नाव मी मध्ये आणलं नाही. खूप मनात होतं, पण नाही आणलं.

इक्बालभाई चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यानं पाटी घेतली. अक्षर सुंदर, चित्रकलेच्या मास्तराचं.

"तुमने तो सुना था."

मी हो म्हणालो.

त्यानं खाली आणखी एक ओळ लिहिली. "तो गाके बताओ."

मी जन्मात कधी गायलेलो नाही. मेंढरांना हाक घालतो तेवढीच माझी गायकी. मी म्हणालो, मला येत नाही. त्यानं त्याच ओळीवर बोट ठेवलं. मी दार लावून घेतलं आणि गायलो. 'एक थेंब ठेव, माये.' इतका भिकार गाणारा त्या खोलीत कधी उभा राहिला नव्हता आणि मी उमेदवारांसकट सगळे पाहिलेत. दुसऱ्या थेंबावर आवाज फाटायला हवा होता. माझा फाटेना. फाटायला आधी काहीतरी अखंड असावं लागतं. मी नुसता ओरडलो. मग शेवंताबाईंची आरोळी मारली, मोटारींचा घूं-घूं तोंडानं केला, हंडा गडगडवला, एक पन्नाशीतला बाप्या, बायकांची भांडणं करून दाखवत होता. आणि मग तिसरी ओळ म्हटली, मागितल्यासारखी.

इक्बालभाईनं दोन्ही हात वर केले. थांब. मान जोरजोरात हलवली. असं नव्हतं. त्यानं हवेत बोटानं दाखवलं, इथून वर, मग इथं तुटायचं, मग खाली, आणखी खाली. बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं, "फिर से."

याला आता काही वर्षं झाली. पाऊस बरा झाला, जायकवाडी भरली, आई मेंढरांकडं परत गेली. 'भेगा'च्या सीड्यांचं खोकं माझ्याकडं पडून आहे, विवेकसर न्यायला आले नाहीत. इक्बालभाई अजून सोमवारी येतो. मी मशीन बंद करतो, तो पाटी काढतो, मी गातो. त्याला माझं गाणं कधी आवडलेलं नाही. मागच्या सोमवारी मात्र तिसरी ओळ संपल्यावर तो काही वेळ डोळे मिटून बसला. मला वाटलं, जमलं. त्यानं डोळे उघडले, आरोळीच्या जागेवर बोट दाखवलं आणि लिहिलं, "बाई ठीक है. मैं नहीं हूँ अभी."

मग पाटी पुसून टेबलावर टिचकी मारली. मी पहिल्यापासून सुरू केलं.